ओढू नका

"सोडा त्याला! आधी बगलंतला पाय काढा!" बनाबाई अंगणातूनच ओरडली.

भाताच्या पेंढ्यांच्या उंच उडवीवरून पडून कुंडलिकचा उजवा खांदा निखळला होता. दोघांनी त्याला जमिनीवर दाबून धरलं होतं आणि गेनबा पैलवान त्याच्या बगलेत टाच रोवून हात ओढायच्या बेतात होता. गुंजवण्याहून डॉक्टरासाठी भोर गाठायचं, तर बैलगाडीला अख्खा दिवस मोडला असता.

"काकी, एका हिसक्यात बसतोय बगा," गेनबा म्हणाला.

"बसंल, न्हाईतर कायमचा जाईल. मग जलमभर त्याच्या भाताची झोडणी तू करनार हाईस का?"

गेनबानं पाय काढला.

बनाबाईनं आधी कुंडलिकची बोटं हलवून पाहिली. मग त्याला खाली दगड देऊन उंच केलेल्या बाजेवर पालथं निजवलं, दुखरा हात कडेनं खाली लोंबता सोडला आणि मनगटाला मऊ धडपा गुंडाळून त्याला रिकामी कळशी बांधली. तांब्यातांब्यानं ती कळशीत पाणी ओतू लागली.

"काकी, मरतो म्या!"

"मरत न्हाईस. तुजी गाय व्याली म्हनं? काय झालं?"

"का... कालवड."

"रंग कसा?"

"तांबडी. कपाळावर पांढरा टिळा हाय."

तो कालवडीचं सांगत राहिला. बनाबाईचा अंगठा त्याच्या खांद्यावरचा ताठा चाचपत होता. बराच वेळ गेला. गेनबा दोनदा पुढं आला, दोनदा तिनं त्याला नजरेनंच मागं बसवलं. कळशी अर्धी भरली, तसं मांस सैल पडलं आणि आत बारीकसं 'खट्' वाजलं. कुंडलिक बोलता बोलता थांबला आणि लहान पोरासारखा रडू लागला.

हात छातीशी बांधून ती म्हणाली, "तीन आठवडं वर उचलायचा न्हाई. झोडणीचं गेनबा बघंल."

गेनबानं मान डोलावली.

घरी तिचा नवरा रखमाजी ओट्यावर वाट बघत बसला होता.

"बसला का?"

"बसला."

"लई वरडला?"

"न्हाई. कालवडीचं सांगत हुता."

बावीस वर्षांपूर्वी रखमाजीचाही उजवा खांदा असाच निखळला होता. गावातल्या चौघांनी तो ओढला. महिन्यानं भोरच्या डॉक्टरांनी पाहिलं. वजन टांगून सैल होऊ द्यायला हवा होता, एवढंच ते म्हणाले. तोवर हात कामातून गेला होता. ओढताना त्याचे पाय धरून बसलेली बनाबाईच होती.

"ब्येस झालं," रखमाजी म्हणाला.

तिनं ताट आणलं, भाकरी मोडून दुधात कुस्करली आणि त्याच्यापुढं सरकवली. त्यानं डाव्या हातानं पहिला घास उचलला आणि तिच्या तोंडापुढं धरला.