जोडातली हवा

चाचणी केंद्राच्या फाटकापाशी गाडी थांबली तरी मॉरीनने इंजिन बंद केलं नाही. न्यूट्रलमध्ये टाकून ती उजव्या पायाने हलकी हलकी रेस देत राहिली. पुढे दोन ट्रेलर अडून उभे होते आणि सायलेन्सर गार पडू द्यायचा नव्हता. गार सायलेन्सर धूर साफ करत नाही. त्यासाठीच तर ती सरळ रस्ता सोडून टेकडीवरून वळसा घालून आली होती. गाडीला ना दारं, ना छप्पर, ना नंबर प्लेट. अशा गाडीला रस्त्यावर आणायची मुभा फक्त चाचणीच्या दिवशी, जाण्यापुरती आणि येण्यापुरती. चष्म्यावर बारीक पाऊस साचत होता.

"आजी, विमान उडवायचंय का?" मागच्या व्हॅनमधून कुणीतरी ओरडलं.

"तू जरा बाजूला हो, मग बघ उडतं की नाही," ती मान न वळवता म्हणाली.

गाडी तिची नव्हतीच. तिच्या नवऱ्याने, क्लाइव्हने, ती घरच्या गॅरेजात सात हिवाळे घालून बांधली होती. सांगाडा खोक्यांतून आलेला, इंजिन एका आपटलेल्या मोटरसायकलचं. ऑक्टोबरात तो स्वतः ती घेऊन इथे आला. दिवे, ब्रेक, पट्टे, सगळ्यात पास झाला आणि धुरात नापास. त्याच महिन्यात बिस्किटांचा कारखाना बंद पडला, जिथली यंत्रं त्याने जन्मभर सांभाळली होती. दोन्ही गोष्टी एकदम अंगावर आल्या. क्लाइव्हने गाडीची किल्ली ड्रॉवरमध्ये टाकली आणि टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसला तो बसलाच. जुन्या बशा आणि घड्याळांचे लिलाव बघत त्याने अख्खा हिवाळा काढला. एक दिवस म्हणाला, "सुटे भाग करून विकून टाकतो." मॉरीन उठली. स्वयंपाकघरात गेली आणि तिने चाचणीची तारीख घेऊन टाकली. गाडी पास झाली की माणूस उठेल, एवढं एकच तिने मनाशी धरलं होतं. गाडीचं तिला काही पडलं नव्हतं.

परीक्षकाचं नाव नदीम. उंच, किडकिडीत, बोलायला सावकाश. त्याने मागच्या नळकांड्यात मशीनची नळी खुपसली. नुसत्या चालू इंजिनाचा आकडा ठीक आला.

"आता रेस वाढवा. आणि तिथेच धरा. काटा हलू देऊ नका, बाई."

मॉरीनने श्वास रोखला आणि पाय तसाच धरून ठेवला. मोटरसायकलचं इंजिन ते, जरा अंगठा हलला तरी किंचाळतं. मशीनने वेळ घेतला आणि धुरातल्या हवेचा आकडा दाखवला. १.०७.

"१.०३च्या वर नापास," नदीम म्हणाला. त्याला वाईट वाटल्यासारखं दिसलं.

"जोडातून हवा घेतेय ती," मॉरीन लगेच म्हणाली. "सायलेन्सर जिथे अडकवलाय ना, तिथे. बाहेरची हवा धुरात मिसळते आणि तुमचं मशीन फसतं."

नदीमने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "मलाही तसंच वाटतंय. चारच्या आत दुरुस्त करा, मी परत नळी लावतो. नाहीतर नवी तारीख. आणि तारखा आता उन्हाळ्यातल्या मिळताहेत."

तिने गाडी आवाराच्या कोपऱ्यात नेली, इंजिन चालूच ठेवून प्लॅस्टिकचा कागद अंथरला आणि कुशीवर आडवी झाली. पंजा जोडाजवळ नेला तर गरम फुंकर तळव्याला लागली. क्लॅम्प ढिला पडला होता, वळशाच्या रस्त्यावर हादरून असेल, ऑक्टोबरातही असंच झालं असेल. तो सोडवायचा, जोडाला पेस्ट फासायची, परत आवळायचा. पेस्टची ट्यूब पिशवीत होती. सगळं मिळून अर्ध्या तासाचंही काम नव्हतं. इतके हिवाळे गॅरेजात पाने हातात दिले होते, रात्री जेवताना जगाच्या बातम्यांऐवजी नट-बोल्ट ऐकले होते. एवढं येणारच.

तिने पाना नटावर बसवला आणि थांबली.

घरी गेल्यावर काय होईल ते तिला अगदी समोर दिसलं. ती पास झाल्याचा कागद त्याच्या पुढ्यात धरेल. तो म्हणेल, "बरं झालं." मग तिच्या खांद्यावरून टीव्हीकडे बघेल. कारखान्याला तो नको होता, आता गाडीलाही नको. जे त्याला जमलं नाही ते बायको दुपारभरात उरकून आली, एवढंच त्याच्या डोक्यात राहील. त्या खुर्चीतून मग त्याला कोण उठवणार? मॉरीनला एकदम रडू आलं आणि स्वतःचा रागही आला, कारण हे तिला निघायच्या आधीच सुचायला हवं होतं.

ती बाहेर आली. हात पुसले आणि घरी फोन लावला.

"नापास ना?" क्लाइव्ह म्हणाला. मागे लिलाववाल्याचा आवाज चालू होता. "आण परत. मी म्हटलंच होतं."

"अरे, पण कसलातरी आवाज येतोय."

"कसला?"

"मला काय कळतंय? फुर्र फुर्र असा."

"फुर्र म्हणजे? नुसती चालू असताना की रेस दिल्यावर?"

"दोन्ही वेळेला बहुतेक. आता मी काय करू, क्लाइव्ह? पावसात उभी आहे. चारच्या आत झालं नाही तर उन्हाळ्यापर्यंत गेलं."

 लिलाववाल्याचा आवाज बंद झाला.

"आकडा किती आला?"

तिने सांगितला.

"कशालाही हात लावू नकोस," तो म्हणाला. "कळलं का? मदत म्हणून काहीतरी करून ठेवशील. अजिबात हात लावू नकोस."

"नाही लावत," मॉरीन म्हणाली.

मग ती भिंतीच्या आडोशाला उभी राहून त्याची वाट बघू लागली. यायला दोन बस लागतात, आणि दुसरी ताशी एकच. नदीमने चहा आणून दिला. तिने तो तसाच हातात धरला. तीन वाजले, सव्वातीन झाले. पिशवीत पेस्ट होती, पाना होता, आणि वेळ हातातून चालला होता. दोनदा ती गाडीकडे निघाली आणि दोनदा परत आडोशाला आली.

साडेतीनच्या सुमाराला फाटकातून क्लाइव्ह आला. दाढीचे खुंट, अंगात कारखान्याचं निळं जाकीट, खांद्यावर अवजारांची पिशवी, आणि पायात घरातल्या सपाता, चिंब भिजलेल्या. इतक्या घाईने चालताना तिने त्याला कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"हात लावलास?"

"नाही."

"चालू कर."

तो गाडीखाली सरकला. बाहेर फक्त सपाता उरल्या. थोड्या वेळाने खालून आवाज आला, "जोडातून घेतेय! हवा घेतेय, मॉरीन!"

"असं होय," ती म्हणाली. "बंद करू?"

"कर, कर. आणि जरा उजेडातून बाजूला हो."

खालून शिव्या ऐकू येत होत्या, क्लॅम्पला, पावसाला, ज्याने ती पेस्ट बनवली त्याला. मॉरीनला त्या शिव्या फार गोड लागल्या. जोड बसल्यावर त्याने स्वतः स्टिअरिंगवर बसून इंजिन तापवलं, पंखा सुरू होईपर्यंत. चारला पाच मिनिटं असताना गाडी मशीनसमोर लागली.

क्लाइव्हने रेस धरली.  नदीम पडद्याकडे बघत राहिला, बराच वेळ.

"१.०१," तो म्हणाला. "झाली पास."

क्लाइव्हने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि मान खाली घातली. त्याच्या पाठीवर हात ठेवावा असं मॉरीनला वाटलं, पण ती जागची हलली नाही.

कागद त्याच्या हातात देताना नदीम हसला. "तुमच्या बाई हुशार आहेत हो. आकडा आला आणि लगेच म्हणाल्या, जोडातून हवा घेतेय. पाना लावूनसुद्धा झाला होता. मग मध्येच उठल्या फोन करायला."

मॉरीन डोक्याला रुमाल बांधत होती. गाठ सोडून तिने पुन्हा बांधली.

 कागदाची घडी घालून क्लाइव्हने ती जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि गाडीत बसला. ती शेजारी बसली. फाटकापाशी पुन्हा थांबावं लागलं, समोरून ट्रक जात होते.

"दोन बस बदलून आलो मी," तो समोर बघत म्हणाला.

"हो."

"सपाता घालून."

"दिसलं मला."

आणखी एक ट्रक गेला. रस्ता मोकळा झाला तरी त्याने गाडी हलवली नाही.

"आता नंबर येईल," तो म्हणाला. "प्लेटा बसवायच्या आहेत. मागची जरा अवघड आहे, खाली झोपून भोकं पाडावी लागतील." तो थांबला. "तुला जमेल एकटीला?"

मॉरीनने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"छे," ती म्हणाली. "मला कुठलं जमतंय?"

"मग रविवारी बघतो," क्लाइव्ह म्हणाला आणि त्याने गिअर टाकला.