उंटाची चाल

"बाई, फोनवर जरा लंगडा की," उखळात शेंगाची चटणी कुटता कुटता कामवाली अंबुबाई म्हणाली. "तुमी धड चालताना दिसला तर ल्योक कशाला येतोय हितं?"

"खोटं प्रात्यक्षिक मी वर्गातसुद्धा कधी दाखवलं नाही," यशोदाबाई म्हणाल्या खऱ्या, पण मनातून त्यांना ते पटलं होतं. त्यांच्या खुब्याच्या ऑपरेशनला आलेला मुलगा हृषीकेश टाके निघायच्या आतच पुण्याला परतला होता. 'चालणं सुधारलं नाही तर रविवारी येऊन चार दिवस राहतो,' असं परवाच म्हणाला होता. उभा जन्म जीवशास्त्र शिकवण्यात गेलेल्या बाईंना जुळे सोलापुरातल्या या घरात आता बोलायला अंबुबाईशिवाय कोणी नव्हतं. मुलगा यायला हवा होता. त्यासाठी थोडं लंगडलं तर कुठे पाप लागणार होतं?

व्हिडिओ कॉल आला. अंबुबाईने फोन टेबलावर टेकवून ठेवला. बाई वॉकर धरून, पाय ओढत दोन पावलं आल्या. चेहराही कसनुसा केला. छान जमत होतं. तेवढ्यात नात श्रावणी पडद्यावर घुसली.

"आजी, प्राणी कसे चालतात यावर माझा प्रोजेक्ट आहे. अळी कशी चालते गं?"

जित्याची खोड! "उंटअळी बघ," म्हणत बाईंनी वॉकर पुढे टाकला आणि अंग त्याच्यामागे ओढून घेतलं. "पुढचं टोक घट्ट धरायचं, मागचं जवळ आणायचं. अमिबाला तर पायच नाहीत. जायचं तिकडे अंगच ओततो."

"आणि खरा उंट?"

"तो एका बाजूचे दोन्ही पाय एकदम उचलतो." ते करून दाखवायला हात मोकळे हवेत. बाईंनी वॉकर सोडला आणि उजवा हात उजवा पाय, डावा हात डावा पाय करत थेट खिडकी गाठली. श्रावणी खिदळली. बाईंना किती दिवसांनी इतकं बरं वाटलं.

"आई, तू तर झकास चालतेस की," हृषीकेश म्हणाला. "काळजीच मिटली माझी. मग रविवारी येत नाही गं, इथे कामं तुंबलीत."

"बरं," बाई म्हणाल्या. फोन बंद झाला.

अंबुबाईने वॉकर आणून त्यांच्या हाती दिला.

"फुडच्या घरची भांडी पडल्यात, बाई. जाऊ मी?"

"जा."

दार लागलं. बाईंना रडू आलं. खिडकीपासून खुर्चीपर्यंत त्या वॉकर टाकत निघाल्या. आता बघणारं कोणी नव्हतं, आणि पाय खरोखरच लंगडत होता.