ब्रेक खाली लागतो

किल्लारीच्या थांब्यावर व्यंकटीची जीप दिसायच्या आधी ऐकू यायची. ब्रेक दाबला की चाकं अशी चिरकायची की चहावाला म्हणायचा, "आली बघा नवरी रडत." सगळे हसायचे, व्यंकटीही हसायचा. लायनर झिजलेत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण लातूरच्या फेऱ्या जोरात होत्या आणि गाडी गॅरेजात उभी करायला याला सवड नव्हती.

पुढं पेडल खोल जायला लागलं. मग एकदा दाबून भागेना. पहिला दाब वाया, दुसऱ्याला पकड. ब्रेक ऑइल कमी झालं की हा वरून ओतायचा. ते जातं कुठं, हे वाकून बघायचा नाही. माणसं दुखणं अंगावर काढतात, यानं ब्रेक पायावर काढला. वर फुशारकी अशी, "माझी गाडी माझ्याच पायाचं ऐकती." त्याचं हेच बोलणं खरं होतं, दुर्दैवानं.

त्या सकाळी व्यंकटी तापानं फणफणला होता. त्याची बहीण दिपाली गावातच दिलेली. तिची सासू कस्तुराबाई लातूरच्या सरकारी दवाखान्यात होती आणि आज तिला घरी सोडणार होते. म्हणून दिपालीचा नवरा आनंदराज जीप मागायला आला.

आता दाजी म्हणजे मानाचा माणूस. त्याला गाडी कशी चालवायची हे मेहुण्यानं शिकवायचं नसतं. त्यातून आनंदराजचा घरचा ट्रॅक्टर. व्यंकटीनं पांघरुणातूनच किल्ली पुढं केली आणि ओशाळत एवढंच म्हणाला, "दाजी, ब्रेक खाली लागतो. तेवढं ध्यानात ठिवा."

"ठिवतो की," आनंदराज म्हणाला.

आणि त्यानं ठेवलं, याचाच संताप येतो. आमच्याकडं खाली म्हणजे तळाला, आणि खाली म्हणजे रिकामंही. डबा खाली, पोतं खाली, गाडी खाली. आनंदराजनं ऐकलं ते असं, की गाडी रिकामी असली तर ब्रेक लागतो, भरली की दगा देतो. दिपाली पदर खोचून निघालीच होती. तो म्हणाला, "तू एस्टीनं ये. ब्रेक खालीच लागतो म्हणला तुझा दादा. उगं वजन नगो." थांब्यावर दोघं-तिघं हात करत धावले, त्यांनाही त्यानं घेतलं नाही. इतकी काळजी घेणारा माणूस, गाडी रिकामी आहे म्हणून निर्धास्त झाला आणि वेगात निघाला.

औशाच्या अलीकडं उतारावर उसाची ट्रॉली उभी होती. त्यानं ब्रेक दाबला आणि दाबूनच धरला. सोडून पुन्हा दाबायचा असतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

व्यंकटी तापातच लातूरला पोचला, तेव्हा प्रेत त्याच दवाखान्यात आणलेलं होतं. दिपाली व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. तिचं रडून झालं होतं. नवरा निघताना काय म्हणाला ते तिनं सांगितलं, आणि शब्दाचा घोळ व्यंकटीच्या ध्यानात आला. लाज वाटावी अशी गोष्ट, पण त्याला क्षणभर हलकं वाटलं.

"मला पेडल खाली जातंय म्हणायचं हुतं गं, बाई," तो म्हणाला. "शब्दानं घात केला."

"त्यान्ला शब्द कळला न्हाई, दादा. तुझ्या पायाला तर कळत हुतं न्हवं? कवापासून?"

व्यंकटी तिच्या शेजारी टेकायला गेला.

"वरच्या वॉर्डात म्हातारी बोचकं बांधून बसलीय," दिपाली म्हणाली. "पोरगा गाडी घिऊन यायलाय म्हणून. जा, तू सांग तिला. आन् या बारीला पुरं सांग."