फडकी मोजलीस का?

दुरुस्त होऊन गेलेली वस्तू पुन्हा दारात आली, की आपण सगळेच एक गोष्ट फार घाईने करतो. दोष कुणाच्या माथी मारायचा, ते आधी ठरवतो. वस्तू उघडून पाहतो ती त्यानंतर. त्या सकाळी एक ट्रक धापा टाकत गॅरेजच्या फाटकातून आत आला, तेव्हा उस्तादांनीही तेच केले.

उस्ताद हे गॅरेजचे मालक. इंजिनाच्या आवाजावरून आजार सांगणारा माणूस, आणि त्यांचे ते नाव उगाच पडलेले नव्हते. याच ट्रकचे हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या सांध्यातली पट्टी, त्यांनी पाइप सोडून नुकतेच बदलून दिले होते. आता मात्र गाडीत ओढ उरली नव्हती. सपाटीवर ती कशीबशी चाले, आणि चढ लागला की काळा धूर ओकत बसकण मारी. टर्बोची शिट्टी तर नीट ऐकू येते, पण जोर चाकापर्यंत पोचत नाही, असे ड्रायव्हर पुन्हा पुन्हा सांगत होता.

टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. इंजिनावरची केबिन न उचलताच उस्तादांनी निकाल दिला, की तो पंखाच गेला. तापलेले इंजिन झटक्यात बंद करणाऱ्या ड्रायव्हरच्या हातून दुसरे काय होणार! ट्रकमालकाला फोनही झाला. पलीकडून उत्तर आले, की असे असेल तर ड्रायव्हरने किल्ली तिथेच ठेवून घरी जावे. उद्यापासून दुसरा माणूस येईल.

केबिनमधून ड्रायव्हरने आपली बाटली काढली, चादर काढली, आणि मग मुलीने काचेच्या कडेला चिकटवलेले कागदी फूल तो नखाने हळूहळू सोडवू लागला. माणसाचे काम जाते तेव्हा मोठा आवाज होत नसावा. कागद सुटतो तेवढाच होत असावा.

नेमकी त्याच वेळी ताई आली. उस्तादांची ही थोरली बहीण रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या खोलीत परिचारिका होती. तिथली बाद झालेली हिरवी कापडे ती धुऊन, फाडून भावाला आणून देत असे. गठ्ठा बाकावर ठेवत तिने तो माणूस फूल का सोडवतो आहे, ते विचारले. सगळे ऐकून घेतले.

“बाबू, काम चालू असताना उघडे पाइप तू कशानं बंद करतोस रे?”

ही उस्तादांची खास सवय होती. धूळ आत जाऊ नये म्हणून उघड्या पाइपात ते फडके कोंबत, आणि इतकी काळजी दुसरे कुणी घेत नाही, असे अभिमानाने सांगत.

“तुझ्याच फडक्यांनी. का?”

“मग पाइप जोडताना फडकी मोजलीस का?”

उस्तादांचा पारा चढला. “मी काय शिकाऊ आहे?”

“आमचे मोठे डॉक्टरही शिकाऊ नाहीत. तरी पोट शिवायच्या आधी मी मोठ्यानं विचारते, कापडं मोजली का? आकडा जुळेपर्यंत ते सुईला हात लावत नाहीत. माझा त्यांच्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे. टेबलावरचा माणूस बेशुद्ध असतो, त्याला स्वतःला विचारता येत नाही, म्हणून.” मग ड्रायव्हरकडे पाहत तिने आवाज खाली आणला. “हा तर चांगला शुद्धीत आहे. पण त्याला तरी कुठं विचारता येतंय?”

उस्ताद उठले ते ताईला खोटे पाडायलाच. त्यांनी पंखा बोटाने फिरवला. तो अलगद फिरला, ना लटपट, ना घासल्याची खूण. इंजिन चालू ठेवून पाइपांच्या सांध्यांवर साबणाचे पाणी टाकले. एकही बुडबुडा आला नाही. मग दाबाचे मीटर लावले. टर्बोच्या तोंडाशी काटा झरकन वर गेला, इंजिनाच्या तोंडाशी मात्र तो जागचा हलेना. हवा तयार होत होती, पण पोचत नव्हती. उस्तादांचा राग तिथेच ओसरला. त्यांनी मधला पाइप सोडला. हवा थंड करणाऱ्या जाळीच्या तोंडाशी एक फडके घट्ट बसले होते. तेलाने काळे, पण कडेला अजून हिरवे.

ड्रायव्हर बाहेर नळावर होता. आत ताई, उस्ताद आणि त्यांचा जोडीदार मिस्त्री, एवढेच. या मिस्त्रीला सगळे मौनीबाबा म्हणत. फडके खिशात घालून टर्बो साफ केल्याचे सांगणे किती सोपे होते! उस्तादांची मूठ मिटलीही.

“उस्ताद,” मौनीबाबा म्हणाला, “गाडी गेली त्या दिवशी मला एक फडकं कमी वाटलं होतं.”

“मग बोलला का नाहीस?”

“मागं एकदा नट आवळला का, असं विचारलं होतं. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, आलास मोठा माझी परीक्षा घ्यायला. मग महिनाभर सगळे मला परीक्षक म्हणून हाक मारायचे. त्यापेक्षा मौनीबाबा बरा.”

इतकी वर्षे ज्याला उस्ताद या माणसाचा स्वभाव समजत होते, ते मौन त्यांनीच त्याच्या तोंडात कोंबले होते. त्यांनी मूठ उघडली आणि ट्रकमालकाला फोन लावला.

“चूक माझी आहे. पाइपात माझं फडकं राहिलं होतं. सकाळी मी न तपासता बोललो. तुमच्या माणसाचा काही दोष नाही.”

हेच शब्द त्यांनी ड्रायव्हरसमोर, ते फडके दाखवत, पुन्हा उच्चारले, आणि मालकाने त्याला कामावर ठेवल्याचे सांगितले. ड्रायव्हरने ओले हात शर्टाला पुसले.

“मग फूल परत चिकटवू?”

उस्तादांनी फळीवरून गॅस्केटचा गम काढून त्याच्या हातात दिला. “यानं चिकटव. आता मी म्हटलं तरी निघायचं नाही.”

गॅरेजमागच्या चढावर ट्रक त्या दिवशी शिट्टी घालत, एका दमात वर गेला.

वाचकहो, घर असो वा कचेरी, ज्या माणसाला कुणी प्रश्न विचारू शकत नाही, त्याच्या चुकीची शिक्षा नेहमी दुसराच कुणीतरी भोगत असतो. आपल्याला विचारणारा आपला मान कमी करत नाही. तो त्या दुसऱ्याला वाचवत असतो. म्हणून विचारणाऱ्याला गप्प करू नका, आणि विचारायला लाजू नका.

त्या गॅरेजात आता कुठलेही इंजिन सुरू होण्याआधी एक खणखणीत आवाज येतो, “फडकी मोजलीत का?” उस्ताद मोजतात, आकडा सांगतात, आणि मगच किल्ली फिरते. विचारणाऱ्याला आता कुणी मौनीबाबा म्हणत नाही.