खरवसाचा भाव

टेबलावर अकरा पदार्थ होते. पेढ्यांचे चार बॉक्स, श्रीखंडाचे तीन डबे, पनीरची दोन पाकिटं, ताकाची एक बाटली आणि माझा स्टीलचा डबा. प्रत्येकापुढे कागदाची पाटी, पाटीवर युरोमध्ये किंमत. माझी पाटी कोरी होती.

"राजेश्वरी, किंमत राहिली तुझी," रोहिणी मॅडम म्हणाल्या.

मॅडम दर शनिवारी पुण्याहून नगरला येऊन आम्हाला फ्रेंच शिकवत. तिकडे गावागणिक चीज बदलतं आणि विकणारा आपल्या गावची रीत सांगत सांगत विकतो, हे त्यांनी वर्षभर सांगितलं होतं. तोंडी परीक्षाही तशीच ठेवली होती. आपल्या गावचा दुधाचा पदार्थ आणायचा, फ्रेंचमध्ये त्याची माहिती सांगायची आणि गिऱ्हाइकाला तो विकायचा. गिऱ्हाईक वर्गातलंच, नोटा कागदावर छापलेल्या. गुण वीस: उच्चार चार, शब्द चार, व्याकरण चार, व्यवहार आठ. पास व्हायला दहा. मला फ्रान्समधल्या दुग्धशास्त्राच्या अभ्यासक्रमाला अर्ज करायचा होता आणि त्यासाठी हे प्रमाणपत्र जूनच्या आत हवं होतं.

राहुरीजवळ देवळालीला आमची गाय बुधवारी व्याली. व्याल्यावर पहिले दोन-तीन दिवस जे घट्ट, पिवळसर दूध येतं तो चीक. शुक्रवारी सकाळी मीच तो सात घरी देऊन आले. सातही भांडी परत आली, कुणाच्या भांड्यात चिमूटभर साखर, कुणाच्या मूठभर गहू. चिकाचं भांडं कुणी रिकामं पाठवत नाही. राहिलेल्या चिकाचा आईनं खरवस केला आणि माझ्या डब्यात भरताना म्हणाली, "ने, पन इकू नको. चीक इकला की गाय आटती."

मी रसायनशास्त्राची पदवीधर. दूध चाऱ्यावर आणि पाण्यावर अवलंबून असतं, असं मी तिला सांगितलं.

"मग चाऱ्याला सांग तुझ्या. इकायचा न्हाई."

मी हो म्हणाले. कागदी नोटांचा व्यवहार म्हणजे काही विकणं नाही, असं तेव्हा वाटलं होतं. आता पेन हातात होतं आणि आकडा लिहवत नव्हता.

माझं गिऱ्हाईक होता मार्क. तो नगरचाच, वर्गात माझ्याच बाकावर बसायचा. त्यानं फ्रेंचमध्ये नमस्कार केला, हे काय आहे विचारलं. मी सांगितलं. गाय कितव्या वेताची, पहिल्या दिवशी दूध किती घट्ट असतं, त्यात प्रथिनं जास्त असतात म्हणून ते वाफेवर आपोआप थिजतं, वर वेलची. मार्कनं भाव विचारला.

"सा न स व्हाँ पा," मी म्हणाले. हे विकत नाहीत.

वर्ग हसला. मार्कनं पुन्हा भाव विचारला, मग मान खाली घालून मराठीत पुटपुटला, "राजे, दोन युरो म्हन ना. कागद हाय नुसता. कशाला लई ताणतीस?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. पुण्यात आमच्या कोपऱ्यावरच्या डेअरीत खरवस मिळतो, मी दर महिन्याला आणते, असं त्या शांतपणे म्हणाल्या. आणि हा तर खेळ आहे. एक आकडा सांगितला की आठ गुण. "पुन्हा संधी देते. यापुढे नाही देता येणार."

"तुम्ही विकत आणता, मॅडम. आमच्याकडे तो देतात," मी म्हणाले. "गावची रीत सांगा म्हणालात. ती सांगून झाल्यावर लगेच मोडली, तर मी सांगितलं काय?"

"चीक विकला की गाय आटते म्हणतात, म्हणून?"

"गाय आटत नाही. ते मला माहीत आहे. तरी नाही."

त्यांनी हातानं पुढे चल अशी खूण केली. मी डबा उघडला, वडी मार्कच्या हातावर ठेवली आणि उरलेलं सगळं फ्रेंचमध्येच सांगितलं. सात घरं, परत आलेली भांडी, साखर, गहू. मध्ये दोनदा अडखळले, एकदा क्रियापद चुकलं, ते मलाच कळलं. वर्षभरात एका दमात इतकं कधी बोलले नव्हते. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "मग आमाला पन फुकट का?" मी डबा फिरवला. नऊ वड्या गेल्या. दोन उरल्या त्या डब्यासकट मॅडमच्या टेबलावर ठेवल्या आणि बाहेर आले. बसमध्ये मार्क राहुरीपर्यंत सोबत होता, त्याची मावशी तिथं राहते. हाताला वेलचीचा वास येतोय, एवढंच म्हणाला.

पुढच्या शनिवारी निकाल मिळाला. उच्चार चार, शब्द तीन, व्याकरण दोन, व्यवहार शून्य. एकूण नऊ. पुढची परीक्षा डिसेंबरात. मॅडमनी डबा कापडी पिशवीत घालून परत दिला. मी आभार मानले आणि डिसेंबरचा फॉर्म मागून घेतला.

घरी आईनं निकाल विचारला. नापास, म्हणून सांगितलं.

"इकला न्हाई ना?"

"नाही."

ती डबा घासायला घेणार होती. तिनं झाकण उघडलं आणि डबा तसाच माझ्यापुढे धरला.

माझ्याकडे कॉलेजपासूनचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. डबा त्यावर ठेवला, मग रिकामा करून पुन्हा ठेवला. साखर बेचाळीस ग्रॅम.