सगळे हात विरोधात

रविवारी आमचं चष्म्याचं दुकान बंद असतं, म्हणजे गिऱ्हाइकांना. मागच्या खोलीत, जिथे एरवी काचा घासायचं मशीन चालतं, तिथे माझा नवरा आणि त्याचे दोन मित्र दुपारभर प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकत बसतात. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. या संगीतात नमनालाच घडाभर तेल जातं, मग बासरी येते, मग सात मात्रांचा ताल येतो आणि त्यावर कुणालाच पाय हलवता येत नाही. गाणारा तोंड उघडतो तोवर माझे कप धुऊन, पुसून, फळीवर गेलेले असतात. वीस मिनिटांच्या आत जे संपतं त्याला ही मंडळी जाहिरात म्हणतात.

मित्र म्हणजे एक दातांचे डॉक्टर आणि एक भूमितीचे निवृत्त सर. तिघांचा एक नियम आहे. ऐकून झालं की प्रत्येकाने आपलं मत सांगायचं, आणि ज्याच्या मताविरुद्ध बाकी सगळ्यांचे हात वर जातील तो जिंकला. पुढचं काय लावायचं ते तो ठरवणार. म्हणजे जो सगळ्यांना नकोसा होईल त्याचा मान मोठा. शहाणी माणसं घरात बसून हे करतात, आणि वर कॉफी मला करावी लागते.

सुरुवातीला सोपं होतं. डॉक्टर म्हणाले, गाणाऱ्याची गरजच नाही, की गेले हात वर. सर म्हणाले, कुठल्याही दुहेरी अल्बममध्ये अल्बम एकच असतो, दुसरा पुठ्ठा. तेव्हाही गेले. हळूहळू ही मतं सगळ्यांना पटली आणि म्हणून बाद झाली. मग जिंकायला जरा लागट बोलावं लागायला लागलं. एकदा डॉक्टर म्हणाले, हे संगीत स्वतःला पुढे जाणारं म्हणवतं, पण पन्नास वर्षं आहे त्याच खुर्चीत बसलंय. त्यानंतर सरांनी दुखरी दाढ दुसऱ्या डॉक्टरांकडे नेऊन काढून घेतली.

आणखी एक नियम असा की तबकडी, म्हणजे सीडी, वाजत असताना बोलायचं नाही, हलायचं नाही, डोळे मिटून ऐकायचं. तबकडी कुणी आणली तेही मतं झाल्यावरच कळायचं. म्हणून सगळे जण साध्या पाकिटातून आणतात, आणि पेटीतलं कुठलंही एक पाकीट उचलून ती प्लेअरमध्ये घालायचं काम माझं. मला यातलं काही कळत नाही, यावर मात्र तिघांचं एकमत आहे. त्याविरुद्ध आजवर एकही हात वर गेलेला नाही.

आमची मुलगी ड्रम वाजवते. तालाचं वेड तिला बापानेच लावलं, आणि तिने काय करावं, तर तीन-तीन मिनिटांची गाणी करणारा बँड काढला. दातांच्या डॉक्टरांच्या मुलीने चॉकलेटचं दुकान काढावं, तसं झालं. तिने कार्यक्रमाला बोलावलं की माझ्या नवऱ्याचा घसा बसतो. ऐकायला घसा लागत नाही, हे मी सांगून पाहिलं. घरी ती एखादं गाणं लावायला गेली की तो म्हणायचा, "जाहिरात संपली की सांग."

त्या रविवारी ती सकाळीच दुकानात आली आणि एक पाकीट माझ्या हातात ठेवलं. त्यात तिच्या बँडचं पहिलं रेकॉर्ड केलेलं गाणं होतं.

"आई, हे त्यांच्या पेटीत टाक. माझं आहे म्हणून सांगू नकोस."

"आणि त्यांनी नावं ठेवली तर?"

"ठेवू देत. ऐकून ठेवलेली चालतील. न ऐकता ठेवलेली पुष्कळ झाली." मग फ्रेम पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आज नाही ऐकलं, तर मी परत विचारणार नाही."

ती विचारणार नाही म्हणाली की विचारत नाही. हट्ट बापाचाच उचललाय. मला भीती वाटली. दोघं एकाच टेबलावर जेवतील आणि मीठ दे, पाणी दे यापलीकडे बोलणार नाहीत, हे मला स्वच्छ दिसत होतं.

दुपारी मी तेच पाकीट उचललं. तबकडी घातली, बटण दाबलं आणि दाराशी स्टुलावर बसले. मुलगी बाहेर काउंटरपाशी, दार अर्धं उघडं. गाणं सुरू झालं, छान चाललं, आणि तीन मिनिटांत संपलं. आणि पुन्हा सुरू झालं.

नवऱ्याने सकाळी कसलासा बासरीचा तुकडा घोळवून घोळवून ऐकला होता, आणि प्लेअर तसाच पुन्हा-पुन्हा वाजायच्या खटक्यावर राहिला होता. मी उठायला गेले, तर डॉक्टरांनी डोळे न उघडता बोट वर केलं. हलायचं नाही. मग मी पण मूग गिळून बसले. गाणं संपायचं, लागायचं, संपायचं, लागायचं. बाहेर मुलीने कपाळाला हात लावला होता. शेवटी एकदा ते संपल्याबरोबर मी झडप घालून बटण बंद केलं.

मग सरांनी डोळे उघडले. "सात भागांची रचना," ते म्हणाले. "पहिल्या भागातला विषय दुसऱ्यात जसाच्या तसा आणलाय. धाडस लागतं त्याला. माझं मत, दुसरा भाग पहिल्यापेक्षा खोल आहे."

"चूक," डॉक्टर म्हणाले. "खोल चौथा आहे. तिसऱ्यात ड्रमर दमलाय, चौथ्यात सावरतो. पाचवा भाग मात्र उगाच घातलाय."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी दाराबाहेर बघायचं टाळलं. दोघांच्याही मताविरुद्ध एकेकच हात गेला, कारण माझ्या नवऱ्याने हात वर केलाच नाही. तो प्लेअरकडे बघत होता. लहानपणी मुलगी जेवताना चमच्याने टेबल वाजवायची आणि शेवटच्या ठोक्याआधी जरा थांबायची, बाप वर बघेपर्यंत. तो वर बघायचाच. या गाण्याच्या शेवटी तसंच थांबणं होतं. माझ्या ते आत्ता लक्षात आलं. त्याच्या कधी आलं, कोण जाणे.

"तुमचं मत?" सरांनी विचारलं.

"हे तीन मिनिटांचं गाणं आहे," तो म्हणाला. त्याचा घसा यावेळी खरंच बसला होता. "तीन मिनिटांत पुरं झालं होतं. त्यात आणखी काहीही नको."

दोन्ही हात ताडकन वर गेले. इतका संताप मी त्या खोलीत पाहिला नव्हता. डॉक्टर म्हणाले, "वहिनी, याला ताप आहे का बघा."

"सगळे हात विरोधात," नवरा म्हणाला. "मी जिंकलो. पुढचं मी लावणार." त्याने उठून खटका काढला आणि दार पूर्ण उघडलं. "ये. आत बसून ऐक."

मुलगी आली, पण बसली नाही. "चांगलं आहे की वाईट, ते सांगा."

"दुसरं कडवं लांबलंय."

वीस मिनिटांचा बासरीचा तुकडा कमी वाटणाऱ्या माणसाला दीड ओळ जास्त झाली होती. मला हसू आणि रडू बरोबरच आलं. ती म्हणाली, "मी तेच सांगत होते, पण गिटारवाला ऐकत नाही," आणि त्याच्या शेजारची खुर्ची ओढून बसली.

त्याने गाणं लावलं. शेवटच्या ठोक्याआधी ते थांबलं, तेव्हा त्याने वर बघितलं, तिच्याकडे. मग ठोका पडला आणि गाणं एकदाच वाजून संपलं. ती दोघं कडव्यावरून भांडायला लागली. सर डोळे मिटून दुसऱ्या भागाची वाट बघत होते.