सहा मिनिटे रिकामी

मित्रांनो, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅममध्ये एका घराच्या दारामागे, चिखलाने माखलेल्या बुटांच्या शेजारी, डोंगरी गवताच्या दोरीने विणलेली एक बुटकी खुर्ची आहे. ती मी. या घरातल्या प्रत्येकापेक्षा मी वयाने मोठी आहे, आणि इथल्या ओल्या मोज्यांच्या वासाची मला शिसारी येते.

माझा जन्म दक्षिण स्पेनमधला. तिथे डोंगराच्या उतारावर एक पांढरे गाव आहे. दुरून पाहिले तर कुणी मीठ सांडून विसरून गेले आहे, असे वाटावे. रेमेदियोस नावाच्या बाईला पहिले मूल झाले, तेव्हा तिच्या वडिलांनी मला घडवले. बाळाला पाजताना तिचे पाय जमिनीवर नीट टेकावेत, म्हणून त्यांनी माझे पाय आखूड ठेवले. दर वसंतात ती माझ्यावर चढून भिंतीला चुना लावी. त्या चुन्याचे थेंब अजून माझ्या अंगावर आहेत. मुले शहरांत पांगली, नवरा गेला, तरी संध्याकाळी मला दाराबाहेर काढून गल्लीत बसण्याचा तिचा नेम मोडला नाही. येणारे-जाणारे शेजारी थांबत, दोन शब्द बोलत. तिच्या दिवसात माणसाचा आवाज तेवढाच.

मग प्रवासी येऊ लागले. काय सांगू! सनक्रीमने बुळबुळीत झालेल्या मांड्या न विचारता माझ्यावर टेकत. कुणी माझ्यावर पाय ठेवून नाडी बांधी. एकाने वितळलेले आइस्क्रीम माझ्या विणीला पुसले आणि त्याच हाताने भिंतीच्या शुभ्रपणाचे फोटो काढले. सौंदर्यावर लाळ गाळणारे ते डोळे मला घोंघावणाऱ्या माश्यांसारखे वाटत. रेमेदियोस मग मला व्हिनेगरच्या पाण्याने पुसून काढी.

एका ऑगस्टमध्ये या घरातला पुष्कर, त्याची बायको नीना आणि मुलगी तनू इथून गाडी घेऊन तिथे आले. रेमेदियोस माझ्यावर बसून शेंगा सोलत होती. आत चुलीवरचे भांडे उतू जाऊ लागले, तशी ती शेंगांची टोपली घेऊन उठली. तिची पाठ वळली आणि हे तिघे दाराशी पोचले.

"नीना, हे बघ! आपल्या स्ट्रीटवर लोक नको असलेलं सामान बाहेर ठेवतात ना, तसलंच आहे," पुष्कर म्हणाला.

"अहो, पण चिठ्ठी कुठे आहे? आपल्याकडे 'प्लीज टेक' लिहितात."

"स्पेनमध्ये कोण चिठ्ठ्या लिहीत बसतंय! शूज घालायला परफेक्ट हाइट आहे."

"बाबा, हा खुर्ची कोणाचा तरी असेल," इंग्लंडमध्येच वाढलेली तनू मोडक्या मराठीत पुटपुटली.

"कोणाची असती तर आत नसती का ठेवली?"

त्याने मला उचलले, हसून फोटो काढून घेतला आणि गाडीत टाकले. आतून भांड्यावरचे झाकण उचलल्याचा आवाज मी ऐकला.

इथे आल्यावर माझे कौतुकही झाले. तेच अधिक ओंगळ होते. दिवाळीच्या फराळाला आलेला पुष्करचा मित्र शशिधर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "फुकट? लेका, तू तर पक्का ब्रिटिश झालास! लोकांच्या दारातून उचलतोस आणि स्वतःच्या हॉलमध्ये मिरवतोस!" सगळे खदखदून हसले. सर्वांत मोठ्याने पुष्कर. चकलीचे तेल माझ्या विणीत मुरत राहिले.

जानेवारीत तनू आजीसाठी फोटोंचा अल्बम करत होती. एका फोटोवर ती थबकली. वरच्या गल्लीतून सहज काढलेल्या त्या फोटोत माझ्यावर काळ्या कपड्यातली एक म्हातारी बसली होती. पुढच्या फोटोत मी पुष्करच्या हातात होते. तिने दोन्ही फोटोंच्या वेळा पाहिल्या.

"या दोन फोटोंमध्ये सहा मिनिटं आहेत, बाबा. ओन्ली सिक्स."

पुष्करने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "झालं ते झालं गं. तिने दुसरी घेतली असेल."

तनूने शाळेत शिकलेल्या स्पॅनिशमध्ये गावच्या कचेरीला फोटोंसह ईमेल पाठवला. पंधरवड्याने आलेले उत्तर तिने बाबांना मराठीत सांगितले: "ती बाईला नेबर्सनी दुसरी खुर्ची दिली. ती नको म्हणते. संध्याकाळी दारात उभी राहते. पाय दुखले की आत जाते."

मला त्या दारातली ती उभी आकृती दिसत राहिली.

"कुरियर बुक करू या का?" नीनाने हळूच विचारले.

"नको. हाफ-टर्मच्या सुट्टीत मी स्वतः नेऊन देतो."

"आणि त्यांना काय सांगणार?"

"चोरली, असं सांगणार." पुष्कर माझ्यापाशी उकिडवा बसला. "तनू, 'मी चोरली' याला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात?"

तिने सांगितले. त्याने ते चुकीचे म्हटले, पुन्हा चुकीचे म्हटले.

"परत, बाबा."

तिसऱ्यांदा त्याला ते जमले. माझी किळस संपली असे मी म्हणणार नाही, पण मला इथे आणल्यापासून त्याच्या तोंडून ऐकलेले ते पहिले स्वच्छ वाक्य होते.

मित्रांनो, कुणाच्या दारातली एखादी वस्तू तुमच्या मनात भरली, तर तिला हात लावण्याआधी दार वाजवा. म्हाताऱ्या माणसाला आतून यायला वेळ लागतो. तेवढे थांबा.